ऑसम मिक्स व्हॉल्यूम १: गाणं तेच, पण आवृत्ती कुठली?

मंद्रसप्तक

जेम्स गनच्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' या चित्रपटासोबत २९ जुलै २०१४ला आलेल्या या अल्बमबद्दल इथे तिथे सुटेसुटे प्रतिसाद पडलेत. एका जागी नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

अल्बममध्ये बारा गाणी आहेत, सगळी १९६७ ते १९७९ मधली, चित्रपटासाठी नव्याने केलेलं एकही नाही. ऑगस्टमध्ये तो बिलबोर्ड २००वर (अमेरिकेतल्या खपत्या अल्बमची यादी) पहिल्या क्रमांकावर गेला. फक्त आधीच प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा साउंडट्रॅक तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ.

अल्बमवरचा क्रम आणि वेळा (सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे धरा):

१. हुक्ड ऑन अ फीलिंग, ब्लू स्वीड, २:५२
२. गो ऑल द वे, रास्पबेरीज, ३:२१
३. स्पिरिट इन द स्काय, नॉर्मन ग्रीनबाम, ४:०२
४. मूनेज डेड्रीम, डेव्हिड बोवी, ४:४१
५. फूल्ड अराउंड अँड फेल इन लव्ह, एल्विन बिशप, ४:३५
६. आय'म नॉट इन लव्ह, टेन सीसी, ६:०३
७. आय वाँट यू बॅक, जॅक्सन फाइव्ह, २:५८
८. कम अँड गेट युअर लव्ह, रेडबोन, ३:२६
९. चेरी बाँब, द रनअवेज, २:१८
१०. एस्केप (पिना कोलाडावालं), रूपर्ट होम्स, ४:३६
११. ऊ चाइल्ड, फाइव्ह स्टेअरस्टेप्स, ३:१३
१२. एन्ट नो माउंटन हाय इनफ, मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल, २:२९

एकूण ४४:३४. टायलर बेट्सचं पार्श्वसंगीत यात नाही. ते वेगळ्या अल्बमवर आहे, शिवाय डीलक्स आवृत्तीच्या दुसऱ्या तबकडीवर.

माझं म्हणणं एवढंच, की हा अल्बम 'सत्तरच्या दशकातली हिट गाणी' छापाच्या संकलनांहून वेगळा वाटतो तो निवडीमुळे जितका, तितकाच प्रत्येक गाण्याची नेमकी कुठली आवृत्ती घेतली त्यामुळे. नुसती नावं टाकून गाणी गोळा केली तर यादी जुळते आणि अल्बम जुळत नाही.

---

बी_साइड

+१. सुरुवात पहिल्याच गाण्यापासून करू. 'हुक्ड ऑन अ फीलिंग' मार्क जेम्सने लिहिलं आणि १९६८मध्ये बी. जे. थॉमसने गायलं. त्यात रेजी यंगने इलेक्ट्रिक सतार वाजवली आहे. १९७१मध्ये जोनाथन किंगने आपल्या आवृत्तीत तो 'ऊगा-चाका' गजर घातला. स्वीडनच्या ब्लू स्वीडने तो तिथून उचलला आणि १९७४मध्ये अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला. म्हणजे परीक्षा सोपी आहे: सुरुवातीला सतार ऐकू आली तर थॉमस, गजर ऐकू आला आणि मागून ब्रास (ट्रम्पेट वगैरे) आलं तर ब्लू स्वीड. किंगची आवृत्ती त्या मानाने बारीक अंगाची आहे.

बाकीचे सापळे:

'कम अँड गेट युअर लव्ह'ची 'वोव्होका' अल्बमवरची आवृत्ती पाच मिनिटांच्या आसपास जाते आणि संथ चालीत सुरू होते. चित्रपटाचा नायक पीटर मोराग ग्रहावर हेडफोन लावून नाचतो तिथे ती लावून बघा, पाऊल पडणारच नाही. हवी ती ३:२६ची सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याच्या तबकडीवरची.

'फूल्ड अराउंड'चं नेमकं उलट. इथे सिंगल तीन मिनिटांच्या आत कापलेली आहे आणि हवी ती लांब, ४:३५ची. (गाण्यातला आवाज एल्विन बिशपचा नाही, मिकी थॉमसचा. बिशप गिटारवर.)

'एन्ट नो माउंटन' शोधलं की डायना रॉसची १९७०ची आवृत्ती हमखास वर येते. ती स्वतः पहिल्या क्रमांकावर गेली होती, पण तिच्यात लांबलचक बोललेले भाग आहेत. हवी ती १९६७ची, अडीच मिनिटांची.

'मूनेज डेड्रीम' बोवीने आधी १९७१मध्ये आर्नल्ड कॉर्न्स या नावाने काढलं होतं. ते कच्चं आहे. अल्बमवर आहे ती १९७२ची, 'झिगी स्टारडस्ट' अल्बमवाली आवृत्ती, मिक रॉन्सनच्या गिटारसकट.

---

चिवट_वाचक

उत्तम माहिती. पण 'स्पिरिट इन द स्काय' चित्रपटात नक्की कुठे आहे? दोनदा बघूनही सापडलं नाही.

---

मंद्रसप्तक

सापडणार नाही, कारण ते चित्रपटात नाहीच. जाहिरातीच्या ट्रेलरमध्ये होतं, तिथून अल्बमवर आलं. बाकीची अकरा चित्रपटात ऐकू येतात: 'आय'म नॉट इन लव्ह' सुरुवातीला रुग्णालयात, 'एस्केप' तुरुंगातून पळताना, 'मूनेज डेड्रीम' नोव्हेअर या अंतराळातल्या वस्तीला पोचताना, 'चेरी बाँब' शेवटच्या लढाईची तयारी चालू असताना, 'ऊ चाइल्ड' खलनायक रोननसमोरच्या त्या अचाट नाचाला, 'एन्ट नो माउंटन' शेवटी पीटरने आईची दुसरी कॅसेट उघडल्यावर.

गाणी पटकथेतच लिहिलेली होती आणि चित्रीकरणावेळी सेटवर वाजवली जात. संकलनाच्या टेबलावर वरून चिकटवलेल्या गाण्यात आणि यात फरक पडतो तो इथे. नटांच्या हालचाली आधीच त्या ठेक्यावर असतात, त्यामुळे गाण्यात कापाकापी कमी करावी लागते.

---

चिवट_वाचक

मग स्ट्रीमिंगवर वेळ जुळणारी आवृत्ती निवडली की झालं ना?

---

बी_साइड

नाही. वेळ जुळूनही गाणं खोटं निघू शकतं. मूळ मुद्रणाचे हक्क बहुतेकदा कंपनीकडे असतात, म्हणून साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच मंडळींनी पुढे आपलीच गाणी पुन्हा गाऊन ठेवली आहेत. कलाकार तोच, नाव तेच, चाल तीच, लांबीही जवळपास तीच. स्वस्त संकलनांत आणि 'बेस्ट ऑफ' याद्यांत हीच भरलेली असतात. कधी नावापुढे 'री-रेकॉर्डेड' लिहितात, कधी नाही.

तपासायचं असं. आधी अल्बमच्या पानाच्या तळाशी वर्तुळातल्या 'पी'ची ओळ पाहा. ती ध्वनिमुद्रणाच्या हक्काची असते. तिथे मूळ कंपनी किंवा तिचा आजचा वारस दिसला पाहिजे. अनोळखी संकलन कंपनी आणि २००० नंतरचं साल असेल तर संशय घ्या. आयएसआरसी क्रमांकातल्या (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) सालावर मात्र विसंबू नका. ते क्रमांक दिल्याचं साल असतं, गाणं मुद्रित झाल्याचं नाही, त्यामुळे अस्सल रीमास्टरवरही (जुन्याच मुद्रणाची नव्याने साफ केलेली प्रत) नवं साल दिसतं. मग कान. सत्तरच्या दशकातला ड्रमचा आवाज कोरडा आणि जवळचा असतो, नवीन मुद्रणात स्नेअर ड्रमला चकचकीत प्रतिध्वनी येतो. गायकाचा आवाज उतरलेला असतो, कित्येकदा पट्टीही अर्ध्या-एका स्वराने खाली आणलेली असते. संशय आला तर पियानो किंवा पेटीवर पहिला सूर लावून अस्सल आवृत्तीशी ताडून पाहा, लगेच कळतं.

---

कलम_बावन्न

हक्कांचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर.

जुनं गाणं चित्रपटात घ्यायला दोन वेगळ्या परवानग्या लागतात. एक शब्द आणि चालीची, ती प्रकाशक देतो, तिला सिंक म्हणतात. दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, ती रेकॉर्ड कंपनी देते, तिला मास्टर म्हणतात. दुसरी परवडली नाही तर निर्माते पहिली घेऊन नव्या गायकाकडून गाऊन घेतात. करारात बहुधा 'मोस्ट फेव्हर्ड नेशन' कलम असतं: एका बाजूला जास्त दिलेत तर दुसरीलाही तेवढंच. दहा-बारा गाण्यांच्या चित्रपटात एखाद्या हट्टी हक्कदाराने भाव वाढवला की बाकी सगळ्यांचा आकडा आपोआप वर सरकतो. म्हणून सगळ्यात महागडं गाणं आधी बोलून घ्यायचं, किंवा ते सोडून द्यायची तयारी ठेवायची.

आणि चित्रपटात वापरायची परवानगी म्हणजे अल्बमवर विकायची परवानगी नव्हे. याचं ठसठशीत उदाहरण 'ईझी रायडर' (१९६९). चित्रपटात 'द वेट' हे गाणं द बँडच्या आवाजात आहे, अल्बमवर ते मिळालं नाही, म्हणून तिथे स्मिथ या बँडची आवृत्ती आहे. उलट 'अमेरिकन ग्राफिटी' (१९७३). त्याच्या दुहेरी अल्बमवर ४१ गाणी आहेत. पण १९६२च्या अमेरिकी पोरांच्या त्या रात्रीत एल्व्हिस नाही, कारण त्याच्या रेकॉर्ड कंपनीशी, आरसीएशी, जमलं नाही.

---

सातारी_कंदी

माझा प्रश्न देशी आहे. मराठी लघुपटात एखादं जुनं भावगीत घ्यायचं असेल तर? कोणी म्हणतं पाच वर्षं झाली की कव्हर करायला (तेच गाणं नव्याने गायला) मोकळीक, कोणी म्हणतं साठ वर्षांनी सगळं फुकट.

---

कलम_बावन्न

दोन्ही अर्धवट आहे.

पाच वर्षांची गोष्ट कॉपीराइट कायद्याच्या ३१सी कलमातली. मूळ ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच कॅलेंडर वर्षं उलटली की नोटीस देऊन, आगाऊ रॉयल्टी भरून तुम्ही नवं ध्वनिमुद्रण करू शकता. रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने. वेष्टनावर ते कव्हर असल्याचं लिहावं लागतं, शब्द-चालीत मनमानी बदल चालत नाहीत. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, हे कलम ध्वनिमुद्रणापुरतं आहे. ते कव्हर लघुपटात दृश्याला जोडायचं तर हक्कदाराची वेगळी परवानगी लागणारच.

साठ वर्षं ही ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. १९६०ची तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. पण ती फक्त तबकडी. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, दोघांचा वेगवेगळा. म्हणजे तबकडी मोकळी, गाणं अडकलेलं, अशी अवस्था बहुतेक भावगीतांची आहे.

कामाचा क्रम: तबकडीवरच्या लेबलवरून कंपनी शोधा, तिला मास्टर आणि शब्द-चाल दोन्हींबद्दल एकाच पत्रात विचारा (जुन्या गाण्यांत दोन्ही एकाच कंपनीकडे असण्याची शक्यता बरीच), गीतकार-संगीतकारांच्या बाजूसाठी आयपीआरएस या त्यांच्या हक्कसंस्थेकडे चौकशी करा. पत्रात गाण्याचे किती सेकंद, कुठल्या दृश्याला, महोत्सव की ओटीटी, किती वर्षं आणि कुठले देश हे लिहा. हे नसेल तर उत्तरच येत नाही. 'फक्त महोत्सवांसाठी' म्हणून घेतलेली परवानगी यूट्यूबला चालत नाही, यातच बहुतेक लघुपट अडकतात.

---

सातारी_कंदी

धन्यवाद, वाचनखूण साठवली.

---

खाच_आणि_सुई

तबकडीवाल्यांसाठी. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची एलपीची एक बाजू १८ ते २० मिनिटांची असली की आवाजाची पातळी ऐसपैस ठेवता येते. २२च्या वर गेलं की खाचा जवळ आणाव्या लागतात, म्हणजे पातळी उतरवायची किंवा खर्ज आवरायचा. या अल्बमची सहा-सहा अशी वाटणी केली तर पहिली बाजू २५:३४ची होते, दुसरी १९ मिनिटांची. पहिली बाजू कमी आवाजात वाजणार हे ठरलेलंच.

दुसरी भानगड आतल्या खाचांची. तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच लहरी निम्म्याहून कमी जागेत बसवायच्या, म्हणून तिथे 'स' आणि झांजा फाटतात. त्यामुळे बाजूच्या शेवटी मऊ गाणं ठेवायची जुनी पद्धत आहे. सहावं 'आय'म नॉट इन लव्ह' तिथे अगदी चपखल बसतं, फक्त हळू गाण्यात तबकडीची खरखर जास्त जाणवते.

---

बी_साइड

वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या स्टुडिओतली गाणी एका माळेत ओवताना सगळ्यात जास्त चुकतं ते पातळी जुळवण्यात. सॉफ्टवेअर सगळ्यांना एकाच आकड्यावर, समजा उणे १४ लफ्सवर (आवाजाच्या जोराचं माप), आणून ठेवतं. मग 'चेरी बाँब' आणि 'आय'म नॉट इन लव्ह' सारख्याच जोराने येतात आणि टेन सीसी कानात ओरडायला लागतात. आकड्याने जुळवून झाल्यावर हळू गाणी कानाने दोन-तीन डेसिबल उतरवा. गायकाचा आवाज एका गाण्यातून दुसऱ्यात तेवढ्याच अंतरावर वाटला पाहिजे, ती खरी मोजपट्टी.

टोनचंही तेच. मोटाउन कंपनीची गाणी (जॅक्सन फाइव्ह, मार्व्हिन गे) ट्रान्झिस्टरवर आणि मोटारीच्या रेडिओवर उठून दिसावीत अशी बनवलेली, मधल्या पट्ट्यात ठासून भरलेली असतात. त्यांना 'आधुनिक' करायला खाली खर्ज घालू नका, गढूळ होतात. शेजारच्या गाण्याचा खर्ज एखादा डेसिबल कमी केलात तरी जोड बसतो.

हेडफोनमधून हॉलभर पसरणारा आवाज घरच्या व्हिडिओत करायचा असेल तर सुरुवातीला ३०० हर्ट्‌झच्या खालचं आणि ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं कापा, मोनो करा, मग दृश्य उघडेल तसे दोन्ही फिल्टर दोन-तीन सेकंदांत मोकळे करा. फिल्टरने भागत नसेल तर ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्चची 'वर्ल्डाइझिंग' पद्धत आहेच. 'अमेरिकन ग्राफिटी'साठी गाणी मोकळ्या जागेत स्पीकरवर वाजवून, स्पीकर आणि माइक हलवत ठेवून पुन्हा मुद्रित केली होती. गच्चीवर दोन माणसांत सहज होतं.

---

पेन्सिलवाली

आता कॅसेट. २८ नोव्हेंबर २०१४ला रेकॉर्ड स्टोअर डेच्या ब्लॅक फ्रायडेला या अल्बमची अधिकृत कॅसेट निघाली होती. पण स्वतः भरण्यात जास्त मजा आहे, म्हणून त्याबद्दल.

लांबी: सी-६० (साठ मिनिटांची, दर बाजूला तीस) घेतली तर क्रम न बदलता बसतं, पण पहिल्या बाजूला साडेचार आणि दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटं कोरी राहतात. सी-४६ची बाजू २३ मिनिटांची. तिच्यात ६ आणि ७ क्रमांकांची अदलाबदल करा. पहिली बाजू २२:२९, दुसरी २२:०५. गाण्यांमध्ये तीन सेकंदांची जागा धरली की दर बाजूला पंधरा सेकंद वाढतात, तरी बसतं. शिवाय चित्रपट ज्या गाण्याने सुरू होतो ते दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला येतं. सुरुवातीचा पाच-सहा सेकंदांचा लीडर (मुद्रण न होणारी पट्टी) बोटाने फिरवून पुढे काढा, नाहीतर 'ऊगा-चाका'ची पहिली ऊगा गेली. सी-१२०च्या वाटेला जाऊ नका. तिची फीत सी-६०च्या जवळपास निम्म्या जाडीची असते, वॉकमनमध्ये ओढली जाते आणि गुंडाळते.

डेकची तयारी: हेड आणि कॅपस्टन (फीत ओढणारा धातूचा दांडा) ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल सतत लावलं तर रबर कडक होतं, तिथे ओलसर कापड पुरतं. कोरी कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे आणि परत मागे पळवा म्हणजे फितीचा ताण सारखा होतो.

पातळी: साधी टाइप वन फीत असेल तर सगळ्यात मोठे क्षण मीटरवर +३च्या आसपास येऊ द्या. 'चेरी बाँब'सारख्या झांजांनी भरलेल्या गाण्याला दोन डेसिबल कमी, कारण कॅसेटवर तीव्र स्वर आधी भरून सांडतात आणि झांज 'छस्स' अशी चपटी होते. फोनमधून भरत असाल तर वायरने जोडा. फोनचा इक्वलायझर, क्रॉसफेड आणि आवाज समान करणारं सेटिंग बंद करा, आणि एअरप्लेन मोड लावा. भर बोवीत व्हॉट्सॅपची टिंग कायमची छापली जाते.

डॉल्बी बी (फितीची सळसळ कमी करणारी सोय) ज्या डेकवर आहे आणि ज्या यंत्रावर ऐकणार त्यावरही आहे, तरच लावा. एकीकडेच लावलं की आवाज एकतर कर्कश होतो नाहीतर कोंदट. नव्या स्वस्त डेकवर ते नसतंच.

---

चिवट_वाचक

डेक ठीक चालतोय की नाही हे कशावरून ओळखायचं? आणि चित्रपटात पीटरकडे आहे तो वॉकमन घ्यावा का?

---

पेन्सिलवाली

परीक्षेला 'आय'म नॉट इन लव्ह'च वापरा. त्यातला तो ढगासारखा कोरस म्हणजे स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत तिघांनी प्रत्येक सूर सोळा-सोळा वेळा गाऊन, तेरा सुरांच्या फितींची वेटोळी करून बनवलेला आहे: ४८ गुणिले १३, म्हणजे ६२४ आवाज. लांब ठेवलेला स्वर आणि इलेक्ट्रिक पियानो, या दोन्हींत वेगातला चढउतार लगेच उघडा पडतो. कोरस हेलकावत असेल तर पट्टा सैल किंवा रोलर झिजलेला. आवाज स्थिर पण कोंदट असेल तर हेडचा कोन गेलेला: मोनोवर ऐकत कोनाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा, तीव्र स्वर सगळ्यात स्वच्छ येतील तिथे थांबा. नवीन कॅसेट भरण्याआधीच हे करा, नाहीतर वाकडा कोन फितीवरही उतरतो.

वॉकमन म्हणजे सोनीचा टीपीएस-एल२, १९७९चा. दोन पेन्सिल सेल, हेडफोनची दोन भोकं, आणि नारिंगी हॉटलाइन बटण (दाबलं की गाणं ऐकतानाच एकमेकांशी बोलता येतं). त्यात मुद्रण होत नाही, फक्त ऐकता येतं, आणि डॉल्बी नाही. चित्रपटानंतर जुन्या चालू यंत्रांचे भाव चढले. विकणारा 'मोटर फिरते' म्हणाला तर त्याचा अर्थ कॅसेट वाजते असा नव्हे. रबरी पट्ट्याचा डांबरासारखा चिकट लगदा झालेला असू शकतो. कॅसेट वाजतानाचा, आवाजासकट व्हिडिओ मागवा.

---

सातारी_कंदी

शेवटची शंका. भरून झाल्यावर चुकून पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या वरच्या टिकल्या तोडायच्या तर कुठली कुठल्या बाजूची?

---

पेन्सिलवाली

ए बाजू तुमच्याकडे, फितीची उघडी कड खाली धरा. वर डावीकडची टिकली ए बाजूची. उलटून धरलीत की आता जी डावीकडे येईल ती बीची. पुढे परत भरायची असेल तर त्या भोकावर सेलोटेप चिकटवायचा. कॅसेट टाइप टू (क्रोम फितीची) असेल तर टिकलीला लागूनच आणखी एक खाच असते, तिच्यावर टेप येऊ देऊ नका. ती झाकली की डेक तिला टाइप वन समजून चुकीच्या बायसवर (फितीच्या जातीप्रमाणे ठरणारं मुद्रणाचं सेटिंग) भरतो.